गोल चेहऱ्याला कोणती फ्रेम? आधी नाक, मग नंबर, मग चेहरा

अंबाजोगाईच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय. वय २८, चेहरा गोल, नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच, शाळेत जाणं-येणं स्कूटीवरून. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम शोभते असं तीन-चार ठिकाणी वाचून त्यांनी ऑनलाइन मोठी चौकोनी फ्रेम मागवली. ती आता दिवसभर नाकावरून घसरते, हसलं की गालाला टेकते, बाजूने काच जाड दिसते, आणि वर्गातली मुलं विचारतात, "मॅडम, तुमचे डोळे बारीक का दिसायलेत?" वैशाखात धाकट्या भावाचं लग्न आहे, त्याआधी नवा चष्मा करायचाय. काडीच्या आतल्या बाजूला छापलेले आकडे त्यांनी कळवलेत, ५५-१६-१४५, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन बुबुळांमधलं अंतर ६० मिलिमीटर लिहिलेलं आहे. बरं झालं कळवलं. निम्मं उत्तर त्या आकड्यांतच आहे.

ताई, तुमच्या चेहऱ्यात काही खोट नाही आणि तुम्ही वाचलेला नियमही साफ चुकीचा नाही. क्रम उलटा झाला, एवढंच. परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे त्याला २६ वर्षं झाली. त्याआधी नांदेडला वजिराबादेत एका जुन्या दुकानात काम शिकलो. तिथले उस्ताद गिऱ्हाईक पायरी चढून आत आलं की आधी त्याच्या नाकाकडे बघायचे, चेहऱ्याकडे नंतर. चष्म्याचं जवळपास सगळं ओझं नाक पेलतं. तिथे जमलं नाही तर कितीही देखणी फ्रेम महिन्याभरात डबीत जाऊन पडते.

दोन डोळ्यांच्या मधला नाकाचा भाग बोटाने चाचपून बघा. काहींचं हाड तिथूनच उंच निघतं. काहींचं तिथे बसकं असतं आणि नाकाला उंची खाली येते. बसक्या नाकावर शेलची (जाड प्लास्टिकची) एकसंध फ्रेम, म्हणजे जिच्यात नाकाचा आधार फ्रेममध्येच घडवलेला असतो ती, टिकत नाही. तिला धरायला जागाच नसते, म्हणून ती घसरत गालांवर येऊन बसते. तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं. अशा नाकाला सुटे नोजपॅड असलेली फ्रेम घ्यावी. ते पॅड बारीक तारेवर बसवलेले असतात. चिमट्याने आत-बाहेर, वर-खाली वळवून ज्याच्या-त्याच्या नाकाला लावता येतात. शेलच आवडत असेल तर नोजपॅड लावलेल्या शेल फ्रेमही मिळतात, दुकानात मागून बघा. उंच, धारदार नाकाला मात्र एकसंध शेल छान बसते, कारण तिथे वजन दोन ठिपक्यांवर न येता नाकाच्या दोन्ही बाजूंवर पसरतं.

आणि घसरणं हा नुसता वैताग नाही. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा परिणाम कमी होतो. साडेपाच नंबरची काच पाच मिलिमीटर खाली-पुढे सरकली तर ती जेमतेम सव्वापाच-साडेपाचच्या मधलं काम करते. संध्याकाळी फळ्यावरची अक्षरं पुसट वाटतात, माणूस चष्मा वर ढकलतो, पुन्हा स्पष्ट दिसतं. कितीतरी लोक याला नंबर वाढला समजून तपासायला येतात. मी आधी नोजपॅड बसवतो, मग विचारतो.

आता नंबर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण चेहऱ्याच्या आकारावर लिहिणारे बहुतेक जण नंबर धरतच नाहीत. तुमच्या काडीवरचा ५५ म्हणजे एका काचेची रुंदी, १६ म्हणजे दोन काचांमधलं अंतर ज्याला आम्ही ब्रिज म्हणतो, आणि १४५ ही काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. ५५ आणि १६ मिळून ७१. म्हणजे दोन काचांची मध्यं एकमेकांपासून ७१ मिलिमीटरवर, आणि तुमची बुबुळं मात्र ६० वर. डोळा काचेच्या मधोमध न येता प्रत्येक बाजूला साडेपाच मिलिमीटर नाकाकडे पडतो. काच घासताना तिचं केंद्र बुबुळासमोर ठेवावंच लागतं, म्हणून सगळी फालतू काच कानाच्या बाजूला उरते. मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. केंद्रापासून कड जितकी लांब, तितकी जाडी चढत जाते, आणि ती सरळ हिशेबाने चढत नाही. अंतर दुप्पट झालं तर जाडी चौपट वाढते.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. आकडे अंदाजे आहेत, काचेच्या वक्रतेने थोडे इकडेतिकडे होतील. तुमच्या सध्याच्या फ्रेममध्ये साधी १.५० ची प्लास्टिक काच (हा आकडा काच प्रकाश किती वळवते त्याचा; तो जितका मोठा, तितकी त्याच नंबरची काच पातळ) कानाकडच्या कडेला आठ मिलिमीटरच्या आसपास होते. तीच १.६० च्या पातळ काचेत साडेसहा, आणि १.६७ च्या महाग काचेत पावणेसहा ते सहा. आता फ्रेम बदलून ४८-२० ची घ्या. साधी काच सव्वासहाच्या आसपास येते आणि १.६० ची पाच. नीट बघा: लहान फ्रेममधली मधल्या दराची काच मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षा पातळ झाली. लोक पातळ काचेसाठी जास्तीचे हजारो रुपये मोजतात आणि मग तीच मोठ्या फ्रेममध्ये बसवायला सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

डोळे बारीक दिसतात त्याचंही तसंच. मायनसच्या काचेतून डोळा लहान दिसणारच, तो नंबरचा गुण आहे. पण काच डोळ्याच्या जवळ बसली तर फरक कमी होतो. शिवाय समोरून बघणाऱ्याला मोठ्या काचेच्या बाहेरच्या कडेतून तुमच्या गालाची रेषा आत सरकलेली दिसते, जणू तिथे चेहऱ्याला खाच पडलीय. लहान काच कानशिलापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती खाच जवळजवळ नाहीशी होते.

दुकानात मी प्रत्येक नव्या फ्रेमला एक गोष्ट करतो. फ्रेममध्ये बिननंबरी डेमो काच असते. ती घालून माणसाला समोर बसवतो, माझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणतो, एक डोळा मिटून एका बुबुळावर मार्करने ठिपका काढतो, मग दुसरा मिटून दुसऱ्यावर. मागच्या दिवाळीत लातूरला नीट परीक्षेच्या तयारीसाठी राहिलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. नंबर मायनस सात. मैत्रिणींसारखी पातळ सोनेरी कडेची मोठी फ्रेम तिच्या मनात भरली होती. मी त्या फ्रेमवर ठिपके काढले, मग ४७ च्या एका कॉफी रंगाच्या फ्रेमवर काढले आणि दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या. मोठीतले ठिपके नाकाला चिकटल्यासारखे एका कोपऱ्यात, बाहेर सगळी काच रिकामी. लहान फ्रेममध्ये ठिपके जवळपास मधोमध. तिने दोन-तीनदा इकडून तिकडे बघितलं, मग मोठी स्वतःच बाजूला सारली. वडील म्हणाले, "आता आम्हाला पण कळायलंय." तुम्ही कुठूनही चष्मा घ्या, हा ठिपका काढून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता चेहरा. केस मागे घट्ट बांधा, आरशापासून हातभर अंतरावर उभं राहा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या वडीने आरशावरच चेहऱ्याची कड काढा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मागे सरून ती रेघ बघा. ज्यांना आपला चेहरा गोल वाटतो त्यांतल्या बऱ्याच जणांचा प्रत्यक्षात उभटच निघतो; गाल भरलेले असले की आपली फसगत होते. लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि जबड्याला कोपरा नाही, तर खरोखर गोल.

गोल चेहऱ्याला थोडी कोनाची फ्रेम द्या, यात तथ्य आहे. पण लोक त्यातलं कोनच तेवढे ऐकतात आणि मोठी, धारदार चौकट घेऊन येतात. भरलेल्या मऊ चेहऱ्यावर टोकदार चौकोन ठेवला की गाल आणखी मऊ दिसतात. काम करते ती वरची सरळ रेघ. फ्रेमची वरची कड सरळ किंवा कानाकडे किंचित उचललेली असावी, खालचे कोपरे हलके गोलवलेले असावेत आणि रुंदी उंचीपेक्षा जास्त असावी. एवढ्याने चेहऱ्याला उभारी येते.

शिवाय हा नियम मोडूनही शोभा येते. बाबासाहेबांचा फोटो डोळ्यांसमोर आणा. १९५० साली ज्यांनी आपल्या मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्यांचा फोटो इथल्या घराघरांत आहे. भरदार चेहरा, रुंद कपाळ आणि गोल काचांचा चष्मा. कोणत्या चेहऱ्याला कोणती फ्रेम हे सांगणारा तक्ता हातात धरला तर ही जोडी चूक ठरेल, आणि तरी त्या चेहऱ्यावर दुसरा चष्मा कल्पनेतही बसत नाही. मला विचाराल तर रुंद, मोकळं कपाळ त्या गोलाला सांभाळून घेतं आणि गोल काच नजरेला मध्यावर आणून ठेवते. नंबर मोठा असेल तर गोल काचेचा आणखी एक फायदा: तिला कोपरेच नसतात, आणि जाडी कोपऱ्यांतच सगळ्यात जास्त साठते. तेव्हा गोल चेहऱ्याला गोल फ्रेम कधीच नको, असं मी म्हणत नाही. घालून बघा.

बाकीच्या चेहऱ्यांबद्दल थोडक्यात. उभट चेहऱ्याला उंचीला थोडी जास्त काच आणि कडेपेक्षा वेगळ्या रंगाची काडी चांगली. जबडा रुंद आणि कोपरेदार असेल तर वळणदार फ्रेम. कपाळ रुंद नि हनुवटी निमुळती असेल तर वरून जड दिसणारी फ्रेम टाळा. उलट कपाळ अरुंद आणि जबडा भारी असेल तर वर जाड, खाली सुप्रा म्हणजे नुसत्या दोऱ्यावर बसलेली काच, हे छान दिसतं. नाक लांब वाटत असेल तर ब्रिजची दांडी जरा खाली असलेली निवडा, आखूड वाटत असेल तर वर. डोळे जवळजवळ असतील तर ब्रिज पारदर्शक किंवा बारीक, लांब असतील तर गडद.

मला स्वतःला चेहऱ्याच्या आकारापेक्षा भुवया महत्त्वाच्या वाटतात. फ्रेमची वरची कड भुवईच्या वळणाच्या जवळून जावी. भुवई पूर्ण झाकली गेली तर चेहरा गप्प होतो, कारण आपण अर्धं बोलणं भुवयांनी करतो, शिक्षिका तर नक्कीच. भुवई फार वर राहिली तर दोन-दोन भुवया दिसतात. बायकांना मी आणखी सांगतो की रोजची टिकली लावूनच फ्रेम निवडायला या. ब्रिज उंच असेल आणि टिकली खाली लावायची सवय असेल तर दोन्ही एकमेकांना भिडतात आणि कपाळ गजबजल्यासारखं दिसतं. लग्नासाठी घेत असाल तर चंद्रकोर लावून बघा.

फ्रेम घालून मोकळं हसा. गाल वर आले की फ्रेम उचलली जात असेल तर ती तुमची नाही. खाली वाकून चप्पल घातल्यासारखं करा, मान हलवा, डोळे मिचकावून पापण्या काचेला लागतात का बघा. आरशासमोर गंभीर चेहरा करून घेतलेला चष्मा फोटोपुरता असतो.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दुकान नवं असताना गंगाखेडच्या एका नवरीला तिच्या आग्रहावरून मी रिमलेस म्हणजे बिनकडेचा चष्मा करून दिला, नंबर मायनस सहा. आईवडिलांना वाटलं चष्मा दिसणारच नाही, मलाही तसंच वाटलं. अल्बम आला तेव्हा प्रत्येक फोटोत काचेच्या कडेला पांढरी वलयं होती, आणि कड उघडी असल्यामुळे जाडी पूर्ण दिसत होती. अँटीग्लेअर, म्हणजे काचेवरची चमक मारणारा थर, तोही मी सुचवला नव्हता. तिने तक्रार केली नाही, पण ते फोटो आयुष्यभराचे. तेव्हापासून चारच्या पुढच्या मायनसला मी रिमलेस देत नाही. पूर्ण कडेची फ्रेम जाडी पोटात घेते, आणि अँटीग्लेअर फ्लॅशची चमक बरीच कमी करतं.

चष्मा आपल्या दिवसालाही सोसला पाहिजे. तुम्ही स्कूटीवरून शाळेत जाता, म्हणजे हेल्मेट आलं आणि उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ आला. रुंद पट्टीची काडी हेल्मेटमध्ये कानशिलावर रुतते. काडी बारीक आणि सरळ हवी. नांदेडला शिकत होतो तेव्हा पगडी बांधणारे सरदारजी यायचे. त्यांच्यासाठी उस्ताद काडीचं टोक गरम करून वळण काढून टाकायचे, म्हणजे बांधलेल्या पगडीच्या घड्यांतून ती सरळ आत जाते. बुरखा किंवा हिजाब घालणाऱ्या ताईंना मी आजही तेच करून देतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली शेल फ्रेम वाकते आणि काचेवरच्या अँटीग्लेअरच्या थराला जाळीसारखे तडे जातात. ते पुसून जात नाहीत, काच बदलावीच लागते. घामाने स्वस्त धातूच्या फ्रेमला हिरवट थर चढतो, नोजपॅडखाली तो आधी दिसतो. कानामागे खाज किंवा काळपट डाग येत असेल तर निकेल सोसत नाही असं समजा आणि टीआर (हलकं, लवचीक प्लास्टिक), चांगली शेल किंवा टायटॅनियम घ्या. आणि धुळीचा चष्मा पदराने कोरडा पुसू नका. आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापड. बोअरचं पाणी जड असतं, काचेवर वाळू दिलं तर पांढरे ठिपके राहतात, म्हणून लगेच टिपा.

हे वाचणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींसाठी दोन वाक्यं. आपल्या भाषेत जवळच्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, इतकं ते वयाशी बांधलेलं आहे. प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारी एकच काच, लावायची असेल तर बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत निदान १८ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर वाचायचा भागच कापला जातो. बारीक पट्टीसारखी फ्रेम कितीही शोभली तरी ती यांच्या कामाची नाही.

तर ताई, तुमच्यासाठी मी हे काढलं असतं: काच ४७ ते ४९, ब्रिज १९ ते २१, सुटे नोजपॅड, पूर्ण कड. काच लहान घेतली की गोल चेहऱ्यावर फ्रेमच तोकडी दिसेल अशी भीती वाटेल, म्हणून काडी जिथे जोडली जाते तो कोपऱ्याचा तुकडा जरा बाहेर आलेला निवडा. फ्रेमची एकूण रुंदी कानशिलाइतकी भरते आणि काच मात्र लहान राहते. वरची कड सरळ, खालची गोलसर. रंग कॉफी, वाइन किंवा कासवी (कासवाच्या पाठीसारखा तपकिरी-पिवळा ठिपकेदार), काळाभोर नको. गव्हाळ नि सावळ्या रंगाला हे रंग फार खुलतात. काच १.६०, अँटीग्लेअरसह. यापुढे पैसे घालू नका.

ही काच बहुतेक ठिकाणी मागवावी लागते, तेव्हा हळदीच्या निदान तीन आठवडे आधी ऑर्डर द्या. चष्मा हातात आल्यावर आठ दिवस रोज घाला आणि पुन्हा दुकानात जाऊन नोजपॅड आणि काड्या बसवून घ्या. उन्हातून थेट जा, नाक घामेजलेलं असतानाच. तेव्हाच कळतं तो कुठे घसरतोय.